जिजींचा पॅसेज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. जिना चढताना मी फोन कानाला लावायचो आणि पलीकडे कुणीच नसायचं. "हो साहेब, करतो साहेब" म्हणत जिजींना ओलांडून घरात शिरायचो.

जिजी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. गाव शेवगावकडचं. लेक-जावई नोकरीला गेले, की पॅसेजमध्ये पोतं अंथरायचं, सुपात ज्वारी घ्यायची आणि येईल त्याला विचारायचं, "बाबा, ह्ये पॅसेज म्हंजी काय रं?"

वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, वहिवाटीची जागा. सेक्रेटरी म्हणाले, कुणाच्या बापाची नाही ती जागा. सिलिंडरवाला म्हणाला, "बोळ हो जिजी, बोळ!"

"बोळाला वर आभाळ आस्तं. हितं कुठंय?"

मी एकदा पडवी, व्हरांडा, कॉरिडॉर यांतला फरक सांगायला गेलो. सगळं ऐकून जिजी म्हणाल्या, "त्या कॉरिडॉरात बसत्यात का?"

"नाही."

"मंग काय कामाचं!"

एका रविवारी आमचे साहेब जेवायला आले. त्यांनाही जिजींनी गाठलं. मी दार उघडलं तर साहेब पोत्यावर मांडी घालून ज्वारीतले खडे वेचतायत आणि पॅसेज समजावून सांगतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना म्हणालो, "पॅसेज मोकळा ठेवायला सांगा. माझं नाव मात्र नको."

नोटीस लागली. पोतं आत गेलं.

परवा त्यांच्या लेकीचं पार्सल आमच्याकडे आलं, ते द्यायला गेलो. जिजी उंबऱ्याच्या आत बसलेल्या, दार सताड उघडं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग जिजी, कळला का पॅसेजचा अर्थ?"

"त्यो पयल्यापास्नं ठावं हाय." जिजी हसल्या. "पर नुसतं 'बस' म्हनल्यावर कोन बसतंय रं? इचारलं, की शिकवाया थांबत्यात समदी."

मी पार्सल त्यांच्या हातात दिलं.

"कुनाला तरास झाला आसंल, कळलंच न्हाई बघ. घरी जाऊन हात जोडलं आस्तं. तुला हाय का म्हाईत, कोन ते?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी चहा टाकला. तो पिऊन, कप विसळून ठेवून मी घरी आलो.

तक्रार मी केली होती. हे जिजींना सांगायचं अजून राहिलं आहे.