दादूनानांची डबी आणि माऊलीचा हॉर्न

आधीच सांगतो, मला कुणी काही शिकवलेलं नाही. आयटीआय नाही, क्लास नाही. कंपनीत मी सीटचे बोल्ट आवळतो. पण मोबाइलवर बघून बघून आळीतले चार मिक्सर आणि एका गिरणीचा स्टार्टर मी चालू केलाय. त्यामुळं सोनलच्या लग्नाआधी दादूनाना म्हणाले, "सेलचा काय भरवसा न्हाई रं," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "नाना, सेल विसरा. मी बाहेरून सप्लाय देतो. जन्मभर सेल लागणार नाही."

जन्मभर. आख्खं एक गाणंही टिकलं नाही, राव.

दादूनाना माझे चुलते. निघोज्याची बेंजो पार्टी त्यांची. बेंजो म्हणजे लाकडी फळीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं तारा छेडायच्या, दुसऱ्यानं बटणं दाबायची. आणि नानांच्या पायाशी डबी! हिरवं लोखंडी खोकं, जेवणाच्या डब्याएवढं, वर एक खटका. पायानं खटका दाबला की बेंजोचा आवाज असा फाटायचा, जसे शंभर भुंगे पितळेच्या हंड्यात कोंडलेत. देहूरोडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून नानांनी ती घेतली होती, माझ्या जन्माच्या आधी. चालायची फक्त चौकोनी सेलवर. बाहेरून सप्लायची वायर लावायला भोकच नाही.

लहानपणी वरात कुठवर आली ते घरात बसून कळायचं. डबीचा आवाज ओढ्यापाशी आला की बायका तवा उतरवून दारात यायच्या, आम्ही पोरं अर्धी भाकर हातात घेऊन पळायचो, आणि शालनबाईची म्हैस दावं तोडायची. दर वरातीला. शेवटी सुपारी आली की नाना आधी शालनबाईला निरोप धाडायचे.

आता तिथं ओढा नाही, म्हैसही नाही. कंटेनरचं पार्किंग आहे. डीजे आले, नानांनी बेंजो चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि एका कंपनीच्या गेटवर ड्युटी धरली.

सोनल नानांची एकुलती एक. ती म्हणाली, "नाना, मांडवडहाळ्याला डीजे नको. तुम्ही वाजवायचं."

मांडवडहाळे म्हणजे हळदीच्या दिवशी आंब्या-जांभळाच्या डहाळ्या मारुतीपासून घरापर्यंत वाजत-गाजत आणायच्या आणि मांडवावर टाकायच्या. पूर्वी बैलगाडीतून, आता आळीतल्या माऊलीच्या टेम्पोतून. नाना माळ्यावर चढले. दुसऱ्या दिवशी घरामागून टुंग टुंग ऐकू यायला लागलं.

तालीम जोरात. फक्त नाना बेंजोची वायर डबीतच खुपसून झोपायचे, वायर आत असली की डबी चालूच राहते, आणि सकाळी सेल मेलेला. दोनदा झालं. तिथं माझी एन्ट्री.

पहिल्यांदा घरातल्या लाइटीवर अॅडॉप्टर लावला. हंड्यात भुंगे होतेच, आता मधमाश्यापण आल्या. मग डोकं चाललं. टेम्पोची बॅटरी! ती बारा व्होल्टची, डबीला पाहिजेत नऊ. मधे तीन पायांचा रेग्युलेटर टाकला, टेम्पोच्या स्टिअरिंगखाली टेस्टर फिरवला, करंट असलेली पहिली वायर हाताला आली ती घेतली. ती हॉर्नच्या बटणाची होती. म्हटलं, असू दे की. वायर ती वायर.

आदल्या दिवशी अंगणात ट्रायल. नाना टेम्पोत मागे बसले, पायाशी उंचीला पाट, पाटावर डबी. दाबली आणि काय सांगू. माझी आई ओट्यावर येऊन उभी राहिली, पदर तोंडाला. नाना म्हणाले, "तोच हाय रं. तोच आवाज." मला वाटलं, कंपनीनं आता माझ्याकडचे बोल्ट काढून घ्यावेत आणि मेंटेनन्सचं खातं द्यावं.

हळदीच्या दिवशी मारुतीपुढं टेम्पो उभा. डहाळ्या भरल्या, स्पीकर जनरेटरवर लावला, नाना बसले. तेवढ्यात काकू, म्हणजे नानांची अंबुबाई, तरातरा आली.

"पाट हितं कसा? सोनलला हळदीला कशावर बसवू, तुज्या डोक्यावर?"

तिनं पाट ओढला. मी तिला मदतच केली, डबी उचलून खाली टेम्पोच्या पत्र्यावर ठेवली. डबीला खाली तीन रबरी पाय उरले होते, चौथा कधीच झडलेला. थोडी डुलत होती. डुलू दे.

नारळ फुटला. नानांनी पहिला सूर धरला, डोळे मिटले आणि डबीवर पाय दिला.

पोंऽऽऽ.

पुढं फेटा बांधून चाललेले सोपानराव, सोनलचे मामा, हातभर उडाले. "माऊली, हॉर्न कशाला मारतो रं?"

"म्या न्हाई मारला, मामा."

नानांनी परत दाबलं. पोंऽऽ.

"आमी डहाळ्या घेऊन चाललोय, का एसटी धरायला?"

"आवो, हात बी लावला न्हाई म्या!"

नानांना जरा कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, डबी लागली नाही. म्हणून ते ठेक्यात दाबायला लागले. पों. पों. पों-पों. पोरं त्याच्यावर नाचायला लागली. फाट्यावर फर्स्ट शिफ्टची बस अडकली होती, तिच्या ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच बोलतायत, त्यानं उत्तर दिलं. त्याच्यामागं कंटेनर होता, तो कुणाचं ऐकून घेतोय? सोपानराव फेटा काढून माऊलीच्या दाराशी. "उतर खाली. तू मुलाकडचा माणूस हायेस का?" माऊलीनं दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून दाखवले. हात हवेत, आणि हॉर्न चालूच. बरोबर नानांच्या पायाच्या ठेक्यात.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

टेम्पोच्या हॉर्नचं बटण दाबलं की आत त्याची वायर गाडीच्या पत्र्याला टेकते आणि हॉर्न वाजतो. मी डबीचा प्लस त्याच वायरीवरून आणलेला. बहुतेक डब्यांत खोक्याला मायनस असतो, पण ह्या म्हाताऱ्या डबीत प्लस खोक्यालाच जोडलेला. नानांनी पाय दिला की बिनपायाचा कोपरा खाली पत्र्याला टेकायचा. लाकडी पाटावर काही झालं नाही, ते लाकूड होतं म्हणून. थोडक्यात, मी नानांच्या पायाखाली हॉर्नचं बटण बसवलं होतं.

मी घाईत वायर उपटली, तर रेग्युलेटरचे पाय मोडून हातात आले. हॉर्न गेला, डबीपण गेली. डबी मधून काढून बेंजोची वायर सरळ स्पीकरला जोडली तर उरला नुसता बेंजो, देवघरातल्या घंटीएवढा. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, दमला का?"

नानांनी हात थांबवले. चादर उचलली आणि बेंजो गुंडाळला. डहाळ्या मुक्यानं घरी आल्या.

सोनल मांडवाच्या दारात उभी होती. "नाना, वाजवलं का? मला फक्त हॉर्न ऐकू आला."

"बेंजोचं दिवस गेलं, बाई. लाव तुजा डीजे."

बेंजो परत माळ्यावर चालला होता, आणि ह्या वेळी तो खाली येणार नव्हता. हे तिला कळलं, मलाही कळलं.

सेल पाहिजे होता. दुकान फाट्यावर, आणि फाटा हॉर्ननं जाम. मांडवात गावचे दादासाहेब बिनवायरच्या माईकवर स्वागताचं भाषण करत होते. उपस्थितांची नावं घेऊन झाली होती, आता अनुपस्थितांची चालली होती. मी माईककडं बघितलं. असल्या माईकच्या पोटात चौकोनी सेल असतो.

"दादासाहेब, खरखर येतीय. एक मिनिट द्या."

त्यांनी दिला. मी सेल काढला आणि माईक मानानं परत त्यांच्या हातात ठेवला. ते पुढं बोलायला लागले. ओठ हलत होते. आख्ख्या मांडवात एकानंही त्यांना सांगितलं नाही.

डबी नानांच्या पायाशी ठेवली. ते म्हणाले, "परत हॉर्न वाजला तर?"

"सेलवर आहे, नाना."

"मंग आधीच नवा सेल का न्हाई टाकला?"

मी खाली वाकून डबीचा बिनपायाचा कोपरा तपासायला लागलो. सोनलनं बेंजोवरची चादर काढली आणि हळदीच्या हातानं नानांचा हात धरून तारांवर ठेवला. नानांनी पाय दिला.

शंभर भुंगे सुटले. बायकांचे हळदीचे हात जागच्या जागी थांबले. पाटावर जाऊन बसलेली सोनल रडत होती, त्यात हळद, त्यात हसत होती. सोपानरावांनी फेटा परत बांधला, तो नाचायला. मला परत अर्धी भाकर हातात असल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून फोन येतायत. परवा कुरुळीवरून एकाचा आला. "भावा, आमच्याकडं लग्न आहे. त्या दिवशी तूच होतास ना? येशील का?"

मी लगेच सुरू झालो. रेग्युलेटर, प्लस, मायनस, आता फ्यूजपण टाकतो.

"ते सप्लाय-बिप्लाय राहू दे," तो म्हणाला. "आमच्यातपण एक पाहुणे भाषण करतात. तू फक्त त्यांच्या माईकचा सेल काढ."