माशाआडून

“घासल्याबिगर भांडं उजळंना गं बाई, बोलल्याबिगर माणूस उमजंना...” मोरीत पातेली घासता घासता मनकर्णाबाई गुणगुणायची आणि बाहेर पेपर वाचत बसलेले अप्पाराव ‘हुं’ म्हणायचे. त्यांची बायको, मनकर्णाबाई, जाऊन तीन वर्षं झाली. ओवीचा पहिला अर्धा भाग अप्पारावांनी मनावर घेतला होता. दुसरा तसाच राहून गेला.

पडेगावच्या दोन खोल्यांत आता ते होते आणि एक सोनेरी मासा होता. मासा लेकीचा, करुणाचा. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ती काचेची टाकी बापाच्या हवाली करून गेली. दर रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. जय भीम व्हायचं, की लगेच, “मासा कसा आहे?” अप्पाराव मोबाइल काचेसमोर धरायचे. मासा इकडून तिकडं फिरायचा. लेक बघायची, बाप बघायचा, चार मिनिटांत कॉल संपायचा. जेवण, गुडघा, झोप, सगळी विचारपूस त्याच्या शेपटीआडून. मासा नसता तर आपण काय बोललो असतो, हे अप्पारावांना खरोखर ठाऊक नव्हतं.

म्हणूनच शनिवारी काचेवर शेवाळाचा हिरवा थर दिसला, तसे अप्पाराव पेपर टाकून उठले. उद्या मासा दिसायचा कसा? त्यांनी माशाला टाकीतल्याच पाण्यासकट भाताच्या कुकरमध्ये ठेवलं, उरलेलं पाणी बादलीत काढलं आणि मनकर्णाबाईची तारेची घासणी शोधून काढली. शेवाळ निघालं, पण मागं दहा-बारा ओरखडे राहिले, मांजरानं नखं मारावीत तसे.

खालच्या मजल्यावरच्या गोजरबाईंनी टूथपेस्ट चोळायला सांगितली. खोलीभर पुदिन्याचा वास सुटला. ओरखडे जागचे हलले नाहीत.

मग अप्पारावांमधला कामगार जागा झाला. वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी स्टीलच्या पत्र्याला आरशासारखी चमक आणली होती. तिथला नियम साधा : एकट्या ओरखड्याच्या मागं लागायचं नाही. आधी सगळा पत्रा पॉलिश पेपरनं एकसारखा खरडायचा, मग चमक आणायची. त्यांनी काच तशीच एकसारखी खरडली. समोरची झाली, मग बाजूच्या तरी का सोडायच्या? मागच्या काचेला करुणानं निळा कागद चिकटवला होता, म्हणून तेवढी वाचली. मग फडकं घेऊन दोन तास घासलं. इतकं घासल्यावर स्टील हसायला लागतं. काच काही हसली नाही. पांढरीफटक होऊन बसली.

गोजरबाई बघायला वर आल्या.

“अप्पाराव, चांगल्या काचंची न्हाणीघराची खिडकी केली की वो.”

“पॉलिश व्हायचंय अजून.”

“आन कुकरमधी काय शिजवता?”

अप्पारावांनी कुकरचं झाकण उचलून कपाटावर, हात सहजी पोचणार नाही असं ठेवलं. संध्याकाळी भात नव्हता. पावाचे तुकडे चहात बुडवून त्यांनी जेवण उरकलं. एक चिमूट चुरा कुकरमध्येही टाकला.

रविवारी मासा टाकीत परतला, पण बाहेरून दिसत होता तो धुक्यात हरवलेल्या कंदिलासारखा. टाकीला आता उघडी बाजू एकच, वरची. दहाला फोन वाजला तेव्हा अप्पाराव स्टुलावर चढून तयारच होते. जय भीम झालं. त्यांनी मोबाइल पाण्यावर तिरका धरला, आणखी जरा तिरका धरला, आणि तो हातातून निसटला.

करुणाला काय दिसलं, ते तिनं नंतर सांगितलं : आधी छत, मग बुडबुडे, मग माशाचा एक भलामोठा डोळा, आणि अंधार.

अप्पाराव मोबाइल धोतराला पुसत बसले होते, तोवर गोजरबाई आपला फोन घेऊन धापा टाकत जिना चढून आल्या. “बोला बाई हिच्याशी. पप्पा पडले म्हणून रडायलीय पोरगी.”

पडद्यावर करुणाचा चेहरा होता, डोळे लाल. इतका वेळ तो त्यांनी सलग कधी बघितलाच नव्हता. दर रविवारी पडदा माशाकडं असायचा.

“लागलं का कुठं, पप्पा?”

“नाय. मोबाइल पडला नुसता.” अप्पारावांनी टाकीकडं पाहिलं. “मासा बरा हाय.”

“माशाचं कुणी विचारलं?”

सवयीनं अप्पाराव फोन टाकीकडं वळवायला गेले, पण फोन गोजरबाईंच्या हातात होता आणि त्यांनी तो हलू दिला नाही.

“बोला की वो,” त्या म्हणाल्या. “हात दुखाया लागला माझा.”

धुरकट काचेमागं मासा एक चक्कर मारून आला. अप्पाराव पडद्याकडं वळले.

“करुणा,” ते म्हणाले, “मला इथं एकट्याला करमत नाय गं. लई दिवस झाले.”