मैत्रीचं घामघर

दोन देशांची मैत्री जुळायला समान हितसंबंध लागतात, असं जाणकार सांगतात. चाडच्या राजधानीत, एन्जामेनाच्या राजशिष्टाचार विभागात केस पांढरे केल्यावर माझं मत असं झालं आहे, की एक बरी खोली पुरते.

फिनलंडशी आमच्या चाडचं सहकार्य उंटांच्या लशीवरून सुरू झालं. लस त्यांच्याकडे होती, खोकणारे उंट आमच्याकडे. (मुत्सद्देगिरीत इतकी स्वच्छ विभागणी क्वचितच आढळते.) साहजिकच दोन वर्षं बैठका झाल्या. मग परस्परविश्वास वाढावा म्हणून फिनलंडने लशीच्या आधी एक भेट पाठवली: लाकडी घामघर. बंद खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडायचं, वाफेत एकत्र घाम गाळायचा, मग गार पाण्याच्या हौदात उतरायचं.

उद्घाटन एप्रिलात ठेवलं. बाहेर पंचेचाळीस अंश होते. आमचे संचालक जिब्रीन असाली यांनी अदबीने सुचवलं, की घामच गाळायचा असेल तर तो अंगणातही गळतो आहे. फिनलंडच्या प्रतिनिधी रीत्ता हापालाबाईंनी खुलासा केला, की अंगणातला घाम ज्याचा त्याचा असतो, हा द्विपक्षीय आहे. पोशाखाचा प्रश्न उपसमितीकडे गेला. (ते कपड्यांशिवाय बसतात, आम्ही उपसमितीशिवाय बसत नाही.) सुटावर टॉवेल गुंडाळावा, असं ठरलं.

आम्ही आत गेलो, बटण दाबलं आणि मोहल्ल्याची वीज गेली. दगड गारच राहिले. भिंती जाड, दार घट्ट, हौदात मासळीबाजारातून आणलेला बर्फ. अख्ख्या राजधानीत एवढी गार जागा दुसरी नव्हती. बर्फाला माशांचा वास होता, पण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी संयम पाळला. रोजची बैठक तिथेच भरू लागली, आणि वीज आली तरी त्या बटणाला पुन्हा कोणी हात लावला नाही.

सहकार्याला असा बहर मी कधी पाहिला नव्हता. लशीचं पहिलं कलम चहा यायच्या आत मंजूर झालं. पण करारावर सह्या झाल्या की बैठक संपणार आणि बाहेर जावं लागणार, हे सगळ्यांना एकदमच सुचलं. मग कलमं वाढू लागली. मत्स्यपालन, लोकनृत्य, टपाल तिकिटं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही आमच्या शारी नदीवर बर्फावरची घसरगाडी चालवण्याच्या नियमांपर्यंत आलो होतो. मी इतिवृत्त लिहीत होतो आणि खरं सांगायचं तर सुखात होतो.

त्या दुपारी माझी हावामावशी उत्तरेकडून आली. तिचा निम्मा कळप खोकत होता. पहारेकऱ्याला बाजूला सारून ती दारात उभी राहिली.

"हिसेन, माझ्या उंटिणीचा खोकला तुमच्या कितव्या कलमात बसतो?"

"पहिल्या," मी म्हणालो.

"मग?"

आम्ही चाचरत तिला आंतरराष्ट्रीय संबंधांची गुंतागुंत समजावली. तिने ऐकून घेतलं. असालीसाहेबांनी तिला आत येऊन दार लावून घ्यायची विनंती केली.

"तुमचं चालू द्या, साहेब," ती म्हणाली. "मी इथेच बरी. दार मात्र उघडं राहील."

तिच्या पाठीमागून एप्रिल आत शिरला. हापालाबाईंनी सहीसाठी पेन काढलं. असालीसाहेबांना स्वतःचं सापडेना, म्हणून त्यांनी बाईंचंच घेतलं.

लस आली. उंट बरे आहेत. आता खात्याने बैठकांच्या सर्व खोल्यांच्या दारांना आतून कडी बसवली आहे.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी कडीची गरज नसते. तुम्हीही कधी तक्रार घेऊन साहेबांच्या गार खोलीत गेला असाल. आठवून बघा, आत शिरताच दार कोणी लावून घेतलं होतं?