वाळत घातलेला पुरावा

भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, वाळलेला टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवून दोरीवर टाकणारा माणूस मी एकच पाहिलाय. आमचे प्रताप नगरातले शेजारी, बाबाराव. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. भरदुपारी तिथून स्कूटर दामटत घरी येणार, टॉवेल भिजवणार आणि परत जाणार!

"काहून जी?" मी विचारलं.

"पुरावा हाय गा! ओला टॉवेल दिसला का मालक इथंच राहून राहिला, असं कोणीबी म्हणन."

भानगड अशी, की बाबारावांची घरं दोन. एक हे, दुसरं सावनेरला. घरटॅक्सच्या पाहणीला आलेल्या माणसाला इथे कुलूप दिसलं, बायको सावनेरला असते असंही कळलं. त्याने लिहून टाकलं, मालकाचं राहतं घर सावनेरचं, हे भाड्याचं. भाड्याच्या घराला टॅक्स जास्त.

झालं! बाबाराव दिसेल त्याला साक्षीदार करू लागले. मी सकाळी फिरायला निघालो की फाटकातून ओरडत, "पाहून घे गा, दात घासून राहिलो! इथंच!" जेवायला बोलावलं तर येईनात. स्वतःच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून जेवत.

शेवटी मी वैतागलो. "बाबारावजी, भरून टाका ना जास्तीचा टॅक्स!"

"पैशाचं नाही गा." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माय अंथरुणावर हाय, ते सावनेर सोडत नाही. तिचं करायले बायको तिकडं गेली, दोन वर्षं झाले. आता कागदावरबी राहतं घर सावनेरचं झालं, तं बायको तिकडचीच होऊन जाईन ना."

मला माझीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात, बाबारावांच्या अर्जावरून, टॅक्सचे साहेब फेरतपासणीला आले. दोरीवर ओला टॉवेल होता आणि शेजारी एक ओली हिरवी साडी. साहेबांनी घर पाहिलं, शेजारीपाजारी विचारलं. मी तर न विचारताच साक्ष दिली. 'राहतं घर' अशी दुरुस्ती झाली. बाबारावांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली.

दुसऱ्या दिवशी टॉवेल गायब. साडी मात्र दोरीवरच होती, थेंब गळत. बाबाराव बादली घेऊन उभे.

"काम झालं ना जी? आता कोणाले दाखवता?"

"कोणालेच नाही." त्यांनी पदर हळूच पिळला. "ओली असली, तं तिनं आत्ताच धुऊन टाकली असं वाटते गा. वाळली का मंग नुसती साडीच राहते."