साहेबांची मंजुरी

जुन्या कुलसचिवांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तरी ते रोज कार्यालय उघडताच कामावर हजर होत.

नव्या ओळखपत्र योजनेचं काम पाहणाऱ्या बाईंना हे कळलं ते ऐन उद्घाटनाच्या सकाळी. विद्यापीठात प्रत्येकाची एकच ओळख, एकाच कार्डावर दारंही उघडायची आणि संगणकही चालायचे, अशी ती योजना. ती आज नीट पार पडली तर बाईंची तात्पुरती नोकरी कायम होणार होती. नाही तर महिनाअखेर घरी. व्हरांड्यात मांडलेल्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर अक्षरं : कुलसचिव, कामात आहेत.



“हेडक्लार्क, अहो, हे कोण?”

“साहेब,” शेजारच्या संगणकावरून हेडक्लार्क सहज म्हणाले. “म्हणजे त्यांच्या नावाने यंत्रात मीच शिरतो हो. सगळ्याला मंजुरी त्यांचीच लागते.”

“पण ते गेले ना!”

“गेले. पण यंत्रातून नाव काढायचं कुणी? वरच्याची मंजुरी हवी, आणि यंत्राच्या लेखी त्यांच्या वर कुणी नाही. कुलगुरूंचं कार्डसुद्धा साहेबांनीच मंजूर केलंय.”

बाईंनी मनातल्या मनात हात जोडले. “मग त्यांच्या नावाने तुम्हीच त्यांना मोकळं करा. बिचाऱ्यांचा जीव अडकलाय इथे.”

“साहेबांनी स्वतःच स्वतःला काढायचं? बाई, जिवंतपणी खुर्ची सोडली नाही हो त्यांनी!”

तरी कुरकुरत हेडक्लार्कनी बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग व्हरांड्याच्या पार टोकाला एक कुलूप खट्ट वाजलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्याही अलीकडचं. कुणीतरी सावकाश चालत यावं आणि जाता जाता दारं लावावीत, तसा तो आवाज टेबलापर्यंत आला आणि थांबला. साहेबांनी जे जे मंजूर केलं होतं, ते ते साहेबांबरोबर गेलं होतं. पडद्यावर आलं : विद्यापीठातील मान्य व्यक्ती, शून्य.

कुलगुरूंच्या दारावर आतून थाप पडली.

“कोण आहे?” चहाचा ट्रे सावरत शिपाईमामांनी विचारलं.

“अरे, मी कुलगुरू!”

मामांनी वाकून पडदा पाहिला. “सर, यंत्र म्हणतंय, असं कुणी नाही.”

“बाई!” आतला आवाज चिरकला. “मी बाहेर आलो नाही, तर तुमचं काही खरं नाही!”

पडद्यावर सूचना होती : ही कृती फक्त संबंधित व्यक्तीलाच रद्द करता येईल.

“हेडक्लार्क, शिरा पुन्हा. लवकर!”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “छे! एकदा त्यांच्या हाताने त्यांनाच काढलं, तेवढं पाप पुरे.”

“मग पासवर्ड सांगा, मी करते.”

हेडक्लार्कनी तोंड उघडलं, तोच टेबलाशेजारचं कुलूप खट्ट उघडलं. मग पलीकडचं. मग त्याच्या पलीकडचं. पावलं यावीत तसा आलेला आवाज तसाच परत गेला. पडद्यावर आलं : स्वागत आहे, साहेब.

“तुम्ही केलंत?” बाई पुटपुटल्या.

“माझे हात कुठे आहेत बघा!”

दोघांनी मामांकडे पाहिलं. मामांच्या दोन्ही हातांत ट्रे होता, आणि त्यातल्या कपबशा किणकिणत होत्या.

घामाघूम कुलगुरू बाहेर आले. उघडी दारं पाहून त्यांना वाटलं, हेच प्रात्यक्षिक. “उत्तम!” म्हणाले, आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले.

टाळ्या संपतात न संपतात तोच बाईंच्या लॅपटॉपवर आदेश आला. नेमणूक कायम. मंजुरी : कुलसचिव. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी खालची ओळ वाचली आणि मटकन खुर्चीत बसल्या.

हेडक्लार्कनी चष्मा चढवून ती मोठ्याने वाचली : “मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर समक्ष हजर राहून रुजू व्हावे.”

मामांनी एक कप बाईंपुढे ठेवला.

“घ्या बाई, गरम आहे तोवर. रुजू व्हायची घाई नाही. साहेब कुठे जात नाहीत.”