सासूबाईंचा युवा संघ

जावयाने सासूबाईंच्या हातात टॅब दिला खरा, पण त्याची स्वतःची बोटं अजून टॅबच्या कडेला चिकटलेली होती. तान्हं मूल परक्याच्या मांडीवर ठेवताना आईचे हात मागे येत नाहीत, तसं त्याचं झालं होतं.

“आई, फक्त दोन गोष्टी करायच्या. सकाळी हे हिरवं बटण दाबायचं, म्हणजे पोरांचा सराव होतो. संध्याकाळी हे निळं, म्हणजे संघ मैदानात उतरतो. बाकी कशालाही हात लावायचा नाही.”

“पोरं कोणाची?” सासूबाईंनी विचारलं.

“माझीच,” तो म्हणाला, आणि आत बायकोने पातेलं जरा जोरात आपटलं.

जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी मोबाईलवरच्या एका फुटबॉलच्या खेळात आपली लीग काढली होती. या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. प्रत्येकाने एक क्लब चालवायचा, खेळाडू घ्यायचे, त्यांना घडवायचं आणि मग ते खेळताना नुसतं बघत जीव टांगणीला लावायचा. लीगमध्ये दरवर्षी पहिला नंबर साहेबांचा. साहेबांची पद्धत सोपी होती. दुसऱ्याच्या क्लबात एखादं कोवळं पोर चमकायला लागलं, की ते उचलून आपल्या क्लबात आणून ठेवायचं. जावई मात्र पोरं स्वतः वाढवायचा. दर हंगामात त्याच्या अकादमीत नवी पोरं यायची आणि त्यातली बहुतेक दगड निघायची. या वर्षी मात्र सोळा वर्षांचा एक स्ट्रायकर असा आला होता, की त्याच्या गुणवत्तेची पट्टी टोकापर्यंत भरलेली. जावयाने त्याचं नाव ठेवलं सोन्या. पोटच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ज्याला हटकून चष्मा सापडायचा नाही, तो माणूस सोन्याचा वेग किंचित वाढला तरी बिनचष्म्याने दुरून ओळखायचा.

अडचण अशी झाली, की कंपनीने त्याला आठवडाभर एका धरणावर पाठवायचं ठरवलं. धरणाच्या पोटात कामगारांना वर-खाली नेणारी लिफ्ट बंद पडली होती. फोन फाटकावर जमा करायचा आणि राहायच्या जागी रेंजचा पत्ता नाही. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण साहेबांच्या हाताखालची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर त्याचा डोळा होता. बायकोने क्लब सांभाळायला साफ नकार दिला. उरल्या सासूबाई. त्या पाय मोडून लेकीकडे आल्या होत्या आणि प्लास्टरातला पाय स्टुलावर टाकून दिवसभर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांची उभी हयात मुलांच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेली होती, ही गोष्ट जावयाला ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र त्याच्या लक्षात आला नव्हता.

पहिल्या सकाळी सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं. पोरं सरावाला गेली. पण बटणाखाली एक तांबडा ठिपका लुकलुकत होता. जिने जन्मभर मुलांच्या तक्रारी ऐकल्या, तिने असा ठिपका बघून गप्प बसायचं म्हणजे पोस्टमनने पत्र बघून पाठ फिरवण्यासारखं होतं. त्यांनी ठिपका दाबला. दुसऱ्या गोलकीपरचं म्हणणं, मला कधीच खेळवत नाहीत. कप्तानाचं म्हणणं, वय झालं, दम लागतो, विश्रांती द्या. आणि सोन्याचं म्हणणं, घरची आठवण येते. असल्याच तक्रारी मागेही आलेल्या दिसत होत्या आणि प्रत्येकीपुढे जावयाने एकच उत्तर निवडलं होतं: दुर्लक्ष करा. सासूबाई बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. जावईबापूंची ही बाजू त्यांना माहीत नव्हती.

त्यांनी सोन्याला घरी जायला सुट्टी दिली. कप्तानाला विश्रांती दिली. संघात भोकं पडली, तेव्हा वसतिगृहाच्या सहलीत लावायच्या तोच नियम लावला, ज्यांना आजवर मिळालं नाही त्यांचा नंबर आधी. बाकावर बसून बसून कंटाळलेली सगळी पोरं मैदानात उतरली, गोलमध्ये दुसरा गोलकीपर उभा राहिला आणि संघाने सणसणीत सहा गोल खाल्ले.

“हरलं की काही शिक्षा असते का गं?” त्यांनी लेकीला विचारलं.

“तुझ्या जावयाचं तोंड बघावं लागतं.”

“एवढंच ना,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच संघ उतरवला.

सोन्या संघातून गायब झालेला लीगमध्ये सगळ्यांना दिसला. साहेबांना वाटलं, पोर बिनसलंय, हीच वेळ. त्यांनी सोन्यासाठी बोली लावली. सासूबाईंनी ती नाकारली. साहेबांनी बोली वाढवली आणि सोबत निरोप टाकला, की देऊन टाक, तुझ्याच्याने काही ते पोर सांभाळवत नाही.

आता, सांभाळवत नाही हे वाक्य सासूबाईंना आजवर कोणीही ऐकवलं नव्हतं. हा कोण सांभाळणारा, म्हणून त्यांनी त्या क्लबात डोकावून पाहिलं. तिथे ठिकठिकाणाहून आणलेली कोवळी पोरं ओळीने बसलेली होती आणि एकालाही वर्षभर मैदानाचं गवत दिसलेलं नव्हतं. उत्तर कुठे लिहायचं, असं त्यांनी लेकीला विचारलं. लेक दाराआड कपडे वाळत घालत होती. तिथेच कुठेतरी चौकोन असेल बघ, ती म्हणाली. चौकोन होता. फक्त तो एकट्या साहेबांसाठी नव्हता, अख्ख्या लीगच्या फलकाचा होता. सासूबाईंनी एका बोटाने, शुद्धलेखन सांभाळत लिहिलं:

“मुलं म्हणजे फडताळात रचून ठेवायची भांडी नव्हेत. हुशार मुलं गोळा करायची आणि त्यांना काम द्यायचं नाही, याला सांभाळणं म्हणत नाहीत, अडवून ठेवणं म्हणतात. हाताखालच्याला चुकू द्यावं लागतं, तेव्हा तो शिकतो. तो आपल्यापुढे जाईल अशी भीती वाटत असेल, तर दोष त्याच्यात नाही. बाळ, शांतपणे विचार कर.”

खाली अर्थातच जावयाच्या क्लबाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी काम केलं नाही. कारण लीगमधल्या पोरांची जी गत, तीच ऑफिसातल्या शिकाऊ तंत्रज्ञांची होती. साहेब दरवर्षी चांगली मुलं निवडून घ्यायचे आणि मग त्यांना वर्षभर ग्रीसचे डबे मोजायला लावायचे. एकालाही लिफ्टच्या यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. कंटाळून मुलं सोडून जायची. हे सगळ्यांना दिसत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? ती आता धरणावर बसलेल्या या गरीब माणसाने बांधली, आणि तीही साहेबांना बाळ म्हणून. धरणावर रेंज नसते, हे त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. कोणीतरी तो मजकूर छापून कँटीनच्या भिंतीवर चिकटवला. साहेबांनी तो चहाचा कप हातात धरून वाचला. कप तसाच परत ठेवला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

जावई धरणावरून थेट ऑफिसात हत्यारं जमा करायला आला. गेटवरचा वॉचमन, जो एरवी त्याच्याकडे बघायचा नाही, तो उभा राहिला. कॅशियरने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि छाती लागते असलं करायला, असं हळूच म्हटलं. जावयाला वाटलं, धरणाच्या लिफ्टबद्दल चाललंय. तो म्हणाला, त्यात काय, वरून दाब जास्त होता, जरा सैल केलं. कॅशियरने कौतुकाने मान हलवली आणि घरी बायकोला कल्पना दिली आहेस ना, असं विचारलं. मग जावई कँटीनमध्ये गेला.

भिंतीवरचा कागद वाचताना पहिल्या ओळीला त्याला नवल वाटलं. मधल्या ओळी वाचता वाचता खाली आपल्या क्लबाचं नाव दिसलं आणि तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. ‘बाळ’पाशी पोचल्यावर तोंडचं पाणी पळालं, कारण मोठ्या माणसांना बाळ म्हणणारी व्यक्ती त्याच्या माहितीत एकच होती. धीर गोळा करून तो साहेबांच्या केबिनशी गेला. साहेब बाहेर गेले होते. निरोप होता, की संध्याकाळी तुझ्या घरी येतो.

घरी पोचला तेव्हा सासूबाई पोरांना मैदानात उतरवत होत्या.

“आई, तुम्ही ज्याला लिहिलंत तो कोण आहे माहीत आहे?”

“समोरच्या संघाचा प्रमुख.”

“माझा साहेब आहे तो.”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. “मग त्याला हे आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. पण जावयाने पाणी मागितलं तेव्हा त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांनी टॅब बंद करून उशीखाली सरकवला.

साहेब आले. खुर्चीच्या टोकावर बसले. बायकोने पुढे ठेवलेल्या चहाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, ते वाचून मला पहिल्यांदा संताप आला. मग घरी बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि लिहिणाऱ्याचा पत्ता मागितला. त्यानंतर मी पुन्हा वाचलं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की शिकाऊ मुलांना सांभाळायचं सगळं काम त्यांना जावयाकडे सोपवायचं होतं. साहेबांच्या हाताखालची रिकामी जागा ती हीच.

“मला एकच सांग,” साहेब म्हणाले, “तुला हे सुचलं कसं?”

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू या घरात त्यांना लिहितावाचता येतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने फक्त हसून मान खाली घातली असती तरी जागा त्याची होती. त्याच्या जिभेवर तसं एक वाक्य आलंही. मग त्याला पोरांच्या तक्रारींपुढे आपण न वाचता दाबलेलं ‘दुर्लक्ष करा’ आठवलं आणि त्याने मान वर केली.

“साहेब, ते मी लिहिलेलं नाही. यांनी लिहिलंय. मी तर पोरांचं म्हणणं कधी वाचलंसुद्धा नव्हतं.”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तरीच, असं पुटपुटले. ते सासूबाईंकडे वळले. आवाज एकदम उतरला होता.

“मला पुष्कळ वर्षांत कोणी बाळ म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले.

“चहा गार होतोय,” सासूबाई म्हणाल्या.

प्लास्टर निघाल्यावर सासूबाई कंपनीच्या शिकाऊ मुलांच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या अटी साहेबांनी निमूटपणे मान्य केल्या. प्रत्येक मुलाला यंत्राला हात लावायला मिळणार, चुकलं तर कोणी ओरडणार नाही आणि ग्रीसचे डबे साहेब स्वतः मोजणार. हे सगळं ठरल्यावर साहेबांनी भीत भीत विचारलं, की आता जावयाचं काय करायचं? तो बरीच वर्षं आमच्याकडे आहे.

सासूबाईंनी जावयाकडे नीट पाहिलं. वसतिगृहात नव्या मुलाकडे बघत, तसं.

“मुलगा गुणी आहे,” त्या म्हणाल्या. “खरं बोलतो. पण इथे तो बाकावर बसून बसून आळसावलाय. याला एखाद्या लहान शाखेत पाठवा. रोज खेळायला मिळालं पाहिजे.”

चाळिशी ओलांडलेला जावई अशा रीतीने, एका क्लबाने आपलं पोर दुसऱ्या क्लबाला खेळायला द्यावं तसा, दूरच्या लहानशा शाखेत उसना गेला, तिथला प्रमुख म्हणून. जाताना तो कुरकुरला. पण पहिल्याच आठवड्यात दवाखान्याची लिफ्ट अडकली आणि विचारायला वर कोणी नव्हतं. त्याने स्वतः ठरवलं, स्वतः चुकला, स्वतःच सुधारलं आणि त्या दिवशी शीळ घालत खोलीवर परतला. आता त्याचं काम एवढं चांगलं चाललंय, की साहेबांनी त्याला परत बोलवायचं मनावर घेतलंय. सासूबाई नको म्हणतात. पोर आत्ता कुठे रंगात आलंय, हंगाम संपू द्या, असं त्यांचं म्हणणं.

हंगाम कधी संपतो, ते मात्र त्यांनी अजून लेकीलाही सांगितलेलं नाही.