पाच वर्षांची हमी

आमच्या तालुक्यात गाडी आधी घरी येऊन माणसाला बघते, आणि तो पसंत पडला तरच त्याच्या नावावर होते.

आम्हाला छोटी एसयूव्ही हवी होती. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. मधे घाट आहे. एसटी तिथं दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी आण्णा तीन तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. म्हणून गाडी भरवशाची पाहिजे होती. दोन गाड्या आधी बघून गेल्या होत्या. दोघींनी "कळवते" म्हणून सांगितलं होतं.

तिसरी सोमवारी आली. करड्या रंगाची, शांत. सोबत शोरूमचे खराडे होते. मी पोह्यांची बशी बॉनेटवर ठेवली.

"निवासराव, जरा चालून दाखवा," खराडे म्हणाले.

मी गोठ्यापर्यंत जाऊन आलो.

"अर्धवट सोडलेलं काही?" गाडीनं विचारलं.

"शाळा. नववीत. आण्णा आजारी पडले, मग घरी कोणी..."

"कारणाला रकाना नाही," खराडे हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी हातातल्या फॉर्मवर फुली मारली.

आण्णा खाटेवरून उठले. "पोराचं राहू दे. माझ्या नावावर हो. सहा वर्षांत माझी एक खेप चुकलेली नाही."

गाडी थोडी त्यांच्याकडे वळली. आण्णा तिला आवडले, हे सगळ्यांना दिसलं.

"मी पाच वर्षांची हमी देते," ती म्हणाली. "तुम्ही किती देता?"

डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात होता. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"दोन," ते म्हणाले. "तीही ओढूनताणून."

खराड्यांनी चष्मा पुसला. "थोडं वाढवून सांगा की, आण्णा. कोण बघायला येतंय?"

"ती आलीय की."

गाडीनं चाकं पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "मग नको. तुमच्या मागं राहणं मला जमायचं नाही."

खराड्यांनी लिंबाची फोड मागून घेतली आणि पोहे संपवले.

मंगळवारी सकाळी आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. तीच गाडी समोरून आली. पुढच्या गावात कोणाला तरी बघायला निघाली असेल. आमच्याजवळ ती हळू झाली आणि ओळखीच्या माणसाला वाजवतात तसा एकदा हॉर्न वाजवून गेली. आण्णांनी हात वर केला.

"चांगली होती," ते म्हणाले.

"हो."

एसटी आली. घाटात बंद पडली. आण्णा उतरले आणि त्याच दगडावर जाऊन बसले.